विमान रद्द झालं : कोणते पैसे, कोणत्या नावाने मागायचे?

विमान उशिरा सुटणं आणि रद्द होणं या विषयावर आलेल्या पत्रांतून निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांत एकच गोंधळ दिसतो. कंपनीकडून जे मिळू शकतं ते तीन प्रकारचं असतं. वाट पाहावी लागते तेव्हाची सोय म्हणजे जेवण आणि मुक्काम, तिकिटाच्या पैशांचा परतावा, आणि त्रासाबद्दल वेगळी भरपाई. तिन्हींच्या अटी निराळ्या आहेत. परताव्याचा हक्क असताना ‘भरपाई द्या’ असं लिहिलं की ‘नियमात बसत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि ते उत्तर चूकही नसतं.

प्रश्न : मुंबई-दिल्ली विमान साडेपाच तास उशिरा सुटलं. भरपाई किती मिळेल?

भारतातल्या नियमांनुसार रोख भरपाई काहीच मिळणार नाही. देशांतर्गत प्रवासाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा म्हणजे डीजीसीएचा नियम लागू होतो (नागरी विमानन आवश्यकता, विभाग ३, मालिका एम, भाग ४). त्यात विलंबासाठी ठराविक रक्कम लिहिलेलीच नाही. सोय मात्र कंपनीला करावीच लागते. उड्डाणाचा ठरलेला अवधी अडीच तासांपर्यंत असेल तर दोन तासांच्या उशिरानंतर, अडीच ते पाच तासांचा असेल तर तीन तासांनंतर आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला चार तासांनंतर खाणंपिणं मोफत द्यायचं असतं. मुंबई-दिल्ली पहिल्या गटात येतं. दिलं नसेल तर स्वतः घेतलेल्या जेवणाचं बिल जोडून ती रक्कम मागा. मागणीत ‘भरपाई’ हा शब्द नको, ‘नियमानुसार द्यायची सोय न दिल्याने झालेला खर्च’ असं लिहा.

उशीर सहा तासांच्या पुढे जाणार असं दिसलं की चित्र बदलतं. देशांतर्गत उड्डाणाला मग कंपनीने सहा तासांच्या आतलं पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, असे दोन पर्याय द्यायचे असतात. तुमचा उशीर साडेपाच तासांचा ठरला. पण असे उशीर एकदम जाहीर होत नाहीत. आधी दीड तास, मग आणखी दोन, मग आणखी तीन असे ते वाढत जातात. म्हणून वेळ बदलल्याचा प्रत्येक एसएमएस जपून ठेवा. मूळ वेळेपासून एकूण उशीर सहा तासांवर गेला की काउंटरवर परतावा मागता येतो. घाईघाईने आधीच घरी परतलात तर मात्र तुमची नोंद ‘नो-शो’ म्हणजे गैरहजर अशी होते. मग परतावा अडतो आणि त्याच पीएनआरवरचं परतीचं तिकीटही रद्द होऊ शकतं. निघण्याआधी काउंटरवरून किंवा ॲपवरून तिकीट रद्द करून घ्या आणि त्याचा संदेश आल्यावरच विमानतळ सोडा.

हॉटेलच्या मुक्कामाला दोन अटी आहेत. उशीर २४ तासांहून जास्त असावा, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर असावा. विमानतळ ते हॉटेल ने-आण यातच धरलेली आहे.

प्रश्न : सुटण्याच्या तीन तास आधी विमान रद्द झाल्याचा संदेश आला. दुसऱ्या दिवशीचं विमान दिलं, ते मी घेतलं. आता कंपनी म्हणते भरपाई नाही. हे खरं आहे का?

दुर्दैवाने खरं आहे. विमान रद्द होण्याची सूचना कंपनीने दोन आठवडे आधी द्यावी, असा नियम आहे. त्यानंतर, पण सुटण्याच्या २४ तास आधीपर्यंत कळवलं तर प्रवाशाला चालेल ते पर्यायी विमान किंवा परतावा द्यावा लागतो. तेवढंही कळवलं नसेल तर भरपाईचं कलम लागू होतं. पण त्या कलमाची भाषा अशी आहे : प्रवाशाला मान्य असलेलं पर्यायी विमान, किंवा पूर्ण परतावा आणि त्यावर भरपाई. म्हणजे पर्यायी विमान स्वीकारलं की ती ठराविक रक्कम हातची गेली. काउंटरवरच्या गर्दीत हे कुणी समजावून सांगत नाही आणि ॲपवर ‘स्वीकारा’ हे बटण सगळ्यात ठळक असतं.

म्हणून निर्णय त्या दहा मिनिटांत, हिशेब करून घ्यायचा. लग्नाला किंवा मुलाखतीला पोहोचायचंच असेल तर पर्यायी विमानच बरं, कारण ऐन वेळी दुसऱ्या कंपनीचं तिकीट भरपाईपेक्षा कितीतरी महाग पडतं. रेल्वेने जाणं शक्य असेल किंवा प्रवासाचं कारणच संपलं असेल तर परतावा अधिक भरपाई मागा. तोंडी मागणी पुरत नाही. ‘पर्यायी विमान मला मान्य नाही, पूर्ण परतावा आणि भाग ४ नुसार भरपाई हवी’ असा ई-मेल तिथूनच पाठवा, म्हणजे वेळेची नोंद होते.

तुमच्या बाबतीत एक वाट उरते. विमानतळावर हजर झालेल्या प्रवाशाला पर्यायी विमानाची वाट पाहताना सोय द्यायची असते. ती दिली नसेल तर जेवणाची, मुक्कामाची बिलं लावून खर्च मागा.

प्रश्न : भरपाईचा आकडा कसा काढायचा? कुणी ५ हजार सांगतं, कुणी १० हजार.

दोन्ही आकडे कमाल मर्यादेचे आहेत, हमखास मिळणारे नव्हेत. विमान जागेवरून हलल्यापासून पोहोचून थांबेपर्यंतचा ठरलेला वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. तो एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तास असेल तर ७,५०० आणि दोन तासांहून जास्त असेल तर १०,००० रुपये. मात्र हा आकडा आणि एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतली जी रक्कम कमी असेल तीच मिळते.

समजा नागपूर-मुंबई तिकिटात मूळ भाडं ३,२०० आणि इंधन शुल्क ६०० आहे. ब्लॉक टाइम दोन तासांच्या आत, म्हणून मर्यादा ७,५००. पण ३,८०० त्याहून कमी, म्हणून भरपाई ३,८०० रुपये. याशिवाय तिकिटाचे संपूर्ण पैसे, करांसह, परत. तिकिटावरची एकूण रक्कम आणि मूळ भाडं यांत मोठा फरक असतो. मूळ भाड्याचा आकडा कर-पावतीत शोधा.

एक अट अनेकांना आडवी येते. बुकिंगच्या वेळी संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर भरपाई देय नाही. एजंटने किंवा पोर्टलने स्वतःचा नंबर घातलेला असतो, संदेश त्यांच्याकडे जातो आणि कंपनी म्हणते आम्ही कळवलं होतं. तिकीट हाती आलं की त्याच दिवशी कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर टाकून आपला मोबाइल आणि ई-मेल तिथे आहे का ते बघा.

प्रश्न : ‘ऑपरेशनल कारण’ एवढंच सांगून नकार दिला. याला काय उत्तर द्यायचं?

आमच्या मते दाव्यांची खरी लढाई इथेच असते. कंपनीला सूट कशात मिळते ते नियमात आहे : राजकीय अस्थिरता, नैसर्गिक आपत्ती, दंगल, पूर, स्फोट, सरकारी आदेश, संप, तसंच हवाई वाहतूक नियंत्रण, हवामान, सुरक्षेचा धोका आणि कंपनीच्या हाताबाहेरची इतर कारणं. ‘ऑपरेशनल’ असा शब्द त्यात नाही. वैमानिक उपलब्ध नसणं, कर्मचाऱ्यांच्या पाळ्यांचं गणित चुकणं, कमी बुकिंगमुळे दोन उड्डाणं एकत्र करणं, या सगळ्यावर तो शब्द पांघरला जातो. यातलं कुठलंही कारण सहसा कंपनीच्या हाताबाहेरचं नसतं.

म्हणून पहिल्याच पत्रात विचारा : नेमकं कारण काय, आणि ते नियमातल्या कोणत्या अपवादात बसतं? नकार आला तरी तो लेखी असू द्या. बऱ्याच कंपन्या उड्डाण रद्द किंवा विलंबित झाल्याचं प्रमाणपत्र देतात. ते लगेच मागून घ्या.

हवामानाचं कारण दिलं असेल तर ते पडताळता येतं. विमानतळांवरून ठरावीक अंतराने हवामानाचा सांकेतिक अहवाल निघतो, त्याला मेटार म्हणतात. जुने मेटार इंटरनेटवर मिळतात. त्यात दृश्यमानता मीटरमध्ये असते आणि वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. अहवालात ०१३० झेड असेल तर ते भारतीय वेळेनुसार सकाळचे ७ वाजले. निघण्याचं आणि पोहोचण्याचं, दोन्ही ठिकाणचं मेटार बघा. आपल्याकडे लख्ख ऊन असतं आणि तिकडे धुकं, असंही होतं. त्याच तासात त्याच मार्गावर इतर कंपन्यांची विमानं उडाली का, हे उड्डाण नोंदवणाऱ्या ॲपवर दिसतं. इतरांची उडाली म्हणजे आपण जिंकलो असं नाही, पण उत्तर देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. सकाळी धुकं होतं म्हणून रात्रीचं विमान रद्द, असं सांगितलं तर मधल्या वेळात दुसरं विमान किंवा कर्मचारी का आणता आले नाहीत, हा प्रश्न रास्त आहे.

कारण खरोखर धुक्याचं असेल तर भरपाईचा आग्रह धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिल्लीच्या धुक्यात रखडलेल्या उड्डाणाच्या प्रकरणात हवामानामुळे झालेल्या विलंबाची भरपाई नाकारली. पण अडकलेल्या प्रवाशांची किमान सोय बघण्याची जबाबदारी कंपनीवर राहते, स्वस्त दरातल्या कंपनीवरही, हे त्याच निकालाने स्पष्ट केलं. भरपाई गेली तरी जेवण आणि मुक्काम जात नाहीत.

प्रश्न : तिकीट पक्कं, वेळेत पोहोचलो, तरी विमान भरलं म्हणून बसू दिलं नाही.

हा सगळ्यात भक्कम दावा. मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं तर काही नाही. २४ तासांच्या आतलं दिलं तर मूळ भाड्याच्या २०० टक्के अधिक इंधन शुल्क, कमाल १०,००० रुपये. २४ तासांनंतरचं दिलं तर ४०० टक्के अधिक इंधन शुल्क, कमाल २०,०००. पर्यायी विमान नकोच असेल तर पूर्ण परतावा आणि वर हीच ४०० टक्क्यांची रक्कम, त्याच मर्यादेत. मूळ भाडं ६,००० असेल तर चौपट २४,००० होतात, पण हाती २०,०००च येतील. इथे पर्यायी विमान घेतलं तरी भरपाई मिळते, हा रद्द झालेल्या विमानापेक्षा मोठा फरक.

कंपनीला आधी स्वेच्छेने जागा सोडणारे प्रवासी शोधावे लागतात. तेव्हा पुढे येऊन काही सवलत घेतली असेल तर नंतर हा दावा उरत नाही. आणि तुम्ही वेळेत हजर होता याचा पुरावा हवा : वेब चेक-इनचा बोर्डिंग पास, सामान दिल्याची पट्टी, काउंटरच्या रांगेतला वेळ दिसणारा फोटो. नाहीतर ‘उशिरा आले’ अशी नोंद पुढे येते.

प्रश्न : परतावा पोर्टलकडे अडकला आहे. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

नियमात जबाबदारी विमान कंपनीची आहे, कारण एजंट तिचा प्रतिनिधी मानला जातो. कार्डाने थेट कंपनीकडे भरलेले पैसे सात दिवसांत परत यायला हवेत. रक्कम ‘क्रेडिट शेल’मध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा ठेवायची की खात्यात घ्यायची, हे प्रवासी ठरवतो. भरपाईऐवजी व्हाउचर द्यायचं असेल तर तुमची सही केलेली संमती लागते. तक्रारीत कंपनी आणि पोर्टल दोघांनाही पक्षकार करा आणि कंपनीने पोर्टलला पैसे कोणत्या तारखेला वळते केले ते लेखी विचारा. या एका प्रश्नाने बरीच प्रकरणं हलतात.

प्रश्न : तक्रार नेमकी कुठे, कोणत्या क्रमाने करायची?

आधी कंपनीकडे, तिच्या वेबसाइटवरच्या तक्रार अर्जातून किंवा ई-मेलने. त्यात पीएनआर, उड्डाण क्रमांक, तारीख, ठरलेली आणि प्रत्यक्ष वेळ, मागणीचं नाव, रक्कम, तिचा हिशेब आणि बँक खात्याचा तपशील. चार परिच्छेद रागाचे आणि एक ओळ मागणीची, अशी पत्रं येतात. प्रमाण उलट ठेवा. समाधान झालं नाही तर कंपनीचा नोडल म्हणजे तक्रारींसाठी नेमलेला अधिकारी, त्यानंतर अपील प्राधिकारी. दोघांचे तपशील कंपनीने वेबसाइटवर द्यायचे असतात. त्याच वेळी केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार नोंदवा. पहिलं उत्तर छापील असतं आणि तक्रार ‘निकाली’ दाखवली जाते; असमाधानी असल्याचं तिथेच नोंदवून ती पुन्हा उघडता येते का ते बघा. समाजमाध्यमांवर कंपनीला टॅग केल्याने कधी लवकर फोन येतो, पण ती कायदेशीर तक्रार धरू नका.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यानेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तिकिटासाठी दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि २०१९च्या कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. तिकिटावर ‘फक्त अमुक शहराची न्यायालयं’ असं छापलं आहे म्हणून घाबरू नका. कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षं. दाखल करणं आता ‘ई-जागृती’ पोर्टलवरून होतं. विरुद्ध पक्षाच्या जागी विमानावर रंगवलेलं नाव नको, कर-पावतीवर असतं ते नोंदणीकृत कंपनीचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहा. नोटीस चुकीच्या पत्त्यावर जाणं हे तारखा वाढण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. डीजीसीएच्या नियमात न बसणारं नुकसान, म्हणजे बुडालेलं हॉटेल बुकिंग किंवा ऐन वेळी काढलेलं दुसरं तिकीट, सेवेतली त्रुटी म्हणून इथे मागता येतं. पण प्रत्येक रुपयाला कागद हवा.

प्रश्न : पहिलं विमान उशिरा पोहोचल्याने पुढचं चुकलं. पुढच्या तिकिटाचे पैसे कोण देणार?

दोन्ही उड्डाणं एकाच तिकीट क्रमांकावर असतील तर पुढे पोहोचवणं कंपनीचं काम आहे आणि रद्द झालेल्या विमानाचं भरपाईचं कलम अशा प्रवाशालाही लागू आहे. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर दुसऱ्या कंपनीच्या नजरेत तुम्ही फक्त गैरहजर प्रवासी आहात. तरी चुकलेल्या तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळ शुल्कं परत मिळतात, भाडं ना-परतावा असलं तरी. ते मागायचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

प्रश्न : फ्रँकफर्टहून मुंबईला येताना चार तासांहून जास्त उशीर झाला. कंपनी भारतीय होती. युरोपचा नियम लागेल का?

लागेल, आणि इथे विलंबालाही रोख भरपाई आहे. युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक उड्डाणाला लागतो, कंपनी कुठलीही असो. भारतातून तिकडे जाताना मात्र युरोपीय कंपनी असेल तरच. त्यामुळे परतीच्या तिकिटात एका बाजूला हक्क आणि दुसऱ्या बाजूला काही नाही, असं होतं. ब्रिटनचा स्वतंत्र नियम याच धर्तीवर आहे : लंडन-मुंबई कुठल्याही कंपनीने आलात तरी लागू, मुंबई-लंडन भारतीय कंपनीने गेलात तर नाही.

रक्कम भाड्यावर नाही, अंतरावर ठरते. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, ३,५०० पर्यंत ४००, त्यापुढे ६००. भारताची उड्डाणं शेवटच्या गटात येतात. पोहोचायला तीन तास किंवा जास्त उशीर हवा. ३,५०० किलोमीटरच्या पुढच्या प्रवासात उशीर चार तासांच्या आत असेल तर रक्कम निम्मी करता येते. तुमचा उशीर चार तासांहून जास्त, म्हणून माणशी ६०० युरो. पोहोचण्याची वेळ म्हणजे चाकं जमिनीला लागली ती नव्हे. विमानाचा किमान एक दरवाजा उघडून प्रवाशांना उतरायची मुभा मिळाली ती, असं युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलं. तीन किंवा चार तासांच्या सीमेवरच्या दाव्यात ही पंधरा मिनिटं निर्णायक असतात. दरवाजा उघडताना मोबाइलवरची वेळ टिपून ठेवा.

तांत्रिक बिघाड हे कारण तिथे सहसा चालत नाही, कारण देखभाल कंपनीच्या रोजच्या कामाचा भाग मानली जाते. स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा पगारासाठीचा संपही चालत नाही. आपल्याकडच्या नियमापेक्षा हे अगदी उलट. पक्षी धडकला तर ती असाधारण परिस्थिती. विमान रद्द होऊन पर्यायी विमान घेतलं तरी भरपाईचा हक्क राहतो. १४ दिवसांहून कमी आधी कळवलेलं असावं आणि पर्यायी विमानाची वेळ मूळ वेळेच्या फार जवळची नसावी, एवढं बघायचं.

दावा प्रत्यक्ष उडवणाऱ्या कंपनीकडे करा, तिकीट विकणाऱ्या भागीदाराकडे नव्हे. पत्रात नियमाचं कलम ७ लिहा, पैसे भरलेल्या प्रत्येक प्रवाशाचं नाव लिहा, मुलांचंही, आणि भारतीय खात्यासाठी बँकेचा स्विफ्ट कोड द्या. मुदत देशागणिक बदलते : जर्मनीत ज्या वर्षी विमान होतं ते वर्ष संपल्यापासून तीन वर्षं, फ्रान्समध्ये पाच, इंग्लंडमध्ये सहा.

प्रश्न : आखातातून येताना एक दिवस उशीर झाला, हॉटेलचं आगाऊ बुकिंग बुडालं. युरोपशी संबंध नाही. मग?

१९९९चा माँट्रिअल करार. भारत त्यात २००९ पासून आहे. निघण्याचा आणि पोहोचण्याचा, दोन्ही देश करारात असले की तो लागतो. यात ठराविक रक्कम नाही. उशिरामुळे झालेलं प्रत्यक्ष नुकसान बिलांनिशी दाखवायचं असतं, आणि शक्य ती सगळी काळजी घेतली होती हे कंपनीने सिद्ध केलं तर ती सुटते. करारातली कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून ६,३०३ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. दावा पोहोचल्यापासून दोन वर्षांत न्यायालयात गेला पाहिजे, नुसत्या ई-मेलने ती मुदत थांबत नाही. सामान उशिरा आलं असेल तर ते हाती पडल्यापासून २१ दिवसांत आणि सामान फुटलं असेल तर सात दिवसांत लेखी तक्रार लागते.

प्रश्न : भरपाई मिळवून देणाऱ्या कंपन्यांना काम द्यावं का?

युरोपच्या दाव्यात कंपनी दादच देत नसेल आणि तिथल्या न्यायालयात जाणं शक्य नसेल तर विचार करा. मिळालेल्या रकमेतला एक चतुर्थांश किंवा त्याहून मोठा वाटा त्या घेतात. आधी स्वतः दोन पत्रं पाठवा, साधी प्रकरणं तेवढ्याने मिटतात. भारतातल्या तीन-चार हजारांच्या दाव्यासाठी मध्यस्थ परवडत नाही. आणि इंटरनेटवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नका. परतावा देतो म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप उतरवायला लावणारे किंवा ओटीपी मागणारे भामटे विमानं रद्द झालेल्या दिवसांतच सर्वाधिक सक्रिय असतात. नंबर तिकिटावरून किंवा कंपनीच्या ॲपमधूनच घ्या.

प्रश्न : तिकीट ऑफिसने काढलं होतं. पैसे कुणाचे?

परतावा ज्याने पैसे भरले त्याला, म्हणजे ऑफिसच्या खात्यात. भरपाई प्रवास करणाऱ्याची. दाव्यात तुमचं वैयक्तिक खातं द्या आणि परताव्यासाठी मूळ भरणा ज्या कार्डावरून झाला त्याचे शेवटचे चार अंक वेगळ्या ओळीत लिहा, म्हणजे दोन्ही रकमा एकाच खात्यात ढकलल्या जाणार नाहीत.